ॲनालॉग सिंथ घेऊ का नको? बजेट 50 हजार, ऑर्केस्ट्रात वाजवतो

शुक्रवारपेठ_कीज

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

मी कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, 11 वर्षं झाली. गणपती, नवरात्र, हळदी, गावोगावच्या जत्रा, अगदी गडहिंग्लज चंदगडपर्यंत सुपाऱ्या असतात. माझ्याकडं रोलँडचा एक्सपीएस-10 आहे आणि घरी रियाजाला एक जुना कॅसिओ. कामाला काही कमी पडत नाही, बासरी पाहिजे, स्ट्रिंग्ज पाहिजेत, शहनाई पाहिजे, बटण दाबलं की टोन हजर. त्याबद्दल तक्रार काहीच नाही.

पण दिवाळीनंतर पुण्याला मित्राकडं गेल्तो, त्याच्याकडं कोर्गचा मिनिलॉग आहे, म्हणजे ॲनालॉग सिंथ, साठवलेले टोन न वाजवता सर्किटमध्येच आवाज तयार करणारा कीबोर्ड. तो चहा टाकायला आत गेला आणि मी त्याच्यासमोर बसलो. काय वाजवावं कळंना म्हणून एकच सूर दाबून धरला, काळी एक, आणि कटऑफ लिहिलेला नॉब हळूहळू फिरवायला लागलो. आधी सूर भिंतीपलीकडनं आल्यागत येत होता, मग कांद्याचे पापुद्रे निघावेत तसा सुटत गेला आणि शेवटी पार उघडा, धारदार. मग रेझोनन्स वाढवून तोच नॉब परत मागं आणला, तर त्या एका सुराच्या पोटातले वरचे सूर एकामागनं एक शिट्टीसारखे वेगवेगळे ऐकू आले. मित्र चहा घेऊन आला तरी माझं बोट त्याच पट्टीवर. 11 वर्षांत एका सुरावर एवढा वेळ मी कधी थांबलोच नव्हतो, स्टेजवर तेवढा वेळच नसतो.

तेव्हापासनं डोक्यातनं जाईना झालंय. यंदाच्या सीझनचे 50 हजार बाजूला ठेवलेत. बायको नको म्हणत नाही, पण पावसाळ्याआधी मागच्या खोलीचे पत्रे बदलायचेत हे तिनं एकदा सांगितलंय आणि ते खरंच आहे. म्हणून चुकीचं काही घ्यायचं नाहीये.

विचारायचं असं की, एक तर हा फरक खरा आहे का फक्त नवीन वस्तूचं कौतुक? लॅपटॉपवर हेच होत असेल तर कशाला खर्च करू? दुसरं म्हणजे स्टेजवर चालेल का? तिसरं, बिघडला तर इथं कोण बघणार? आमची गल्ली नदीजवळ आहे, 2019 ला पाणी घरात आल्तं, वर्षातले चार महिने घरात ओल असती. आणि घ्यायचाच तर मिनिलॉग, मोनोलॉग का बेरिंजरचा मॉडेल डी? दोन मित्रांच्या शॉर्टफिल्मला पार्श्वसंगीत करायचं पण चाललंय, तिथं वापरता येईल असं मनात आहे.

गुजरी_कॉर्नर

घे भावा. एका सुरावर माणूस एवढा वेळ बसला म्हणजे आतनं काहीतरी लागलंय, ते सोडू नको.

आणि लोक म्हणतील हे परदेशी खूळ आहे, तर तसं नाही. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाईनच्या संस्थेत 1969 सालीच मूग सिंथेसायझर आल्ता, अमेरिकेतल्या डेव्हिड ट्यूडर यांनी तो तिथं बसवून दिला आणि तिथल्या लोकांनी त्यावर काम केलं. आणि मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 ला रोलँडची जुपिटर-8, टीआर-808 आणि टीबी-303 ही मशीनं घेऊन रागांवर अख्खी रेकॉर्ड काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही, पुढं कितीतरी वर्षांनी जगभरातनं लोक ती शोधत आले. ते पण आपल्यासारखे दुसऱ्यांच्या गाण्यात वाजवणारे वादकच होते. तू पण कर काहीतरी.

उद्यमनगर_सोल्डर

मी उद्यमनगरात ॲम्प, मिक्सर, कीबोर्ड रिपेरी करतो, 20 वर्षं झाली, म्हणून तुझ्या तिसऱ्या प्रश्नापासनं सुरू करतो, बाकीचं त्यातनंच येईल.

तुझ्या एक्सपीएसमध्ये बासरी म्हणजे कुणीतरी वाजवलेली बासरी रेकॉर्ड करून चिपमध्ये ठेवलेली. ॲनालॉगमध्ये असं साठवलेलं काही नसतंय. एक छोटा कंडेन्सर भरतंय आणि झटक्यात रिकामा होतंय, परत भरतंय, परत रिकामा. तू दाबून धरलेली काळी एक मधल्या सप्तकातली असेल तर हे सेकंदाला 277 वेळा झालं. स्कोपवर बघितलंस तर करवतीच्या दात्यागत लहर दिसती, म्हणून तिला सॉ म्हणतात. त्या लहरीत सगळे वरचे सूर ठासून भरलेले असतात आणि फिल्टर त्यातले वरनं वरनं कापत खाली येतो. तू जे पापुद्रे म्हणालास ते हेच. मूग सिंथ बनवणाऱ्या रॉबर्ट मूग यांच्या फिल्टरमध्ये ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांगत एकावर एक आहेत, म्हणून लॅडर फिल्टर, एका सप्तकाला 24 डेसिबल कापतो. तर तुला ऐकू आलं ते कौतुक नव्हतं, तुझ्या हाताखाली करंट बदलत होता.

आता तोटा. बऱ्याच ॲनालॉग सिंथमध्ये एका व्होल्टला एक सप्तक असा हिशोब असतो. सप्तकात 12 सूर, म्हणजे एका सुरापासनं शेजारच्या सुरापर्यंत 83 मिलिव्होल्ट. एवढ्याशा व्होल्टेजवर सूर ठरतोय, आणि ते ज्या ट्रान्झिस्टरमधनं जातं तो तापला की त्याचं वागणं बदलतंय. कंपन्या त्यावर उपाय करतात, नवीन मशीन स्वतःच ट्यून करून घेतात, तरी चालू केल्यावर 15-20 मिनिटं गरम होऊ द्यावं लागतं. चैत्रात जोतिबाच्या बाजूला उघड्या स्टेजवर दुपारी चारला साउंड चेक आणि रात्री अकराला शो, हवा पूर्ण बदललेली, गायकानं सूर लावला आणि तुझा सिंथ दोन केस वर सरकलेला, हे होऊ शकतं. तंबोरा कसा सारखा बघावा लागतो तसंच हे बघावं लागतं. ऑर्केस्ट्रासाठी घेऊ नको, घरासाठी घे.

ओलीचं म्हणशील तर सर्किटला एवढं काही होत नाही, नॉबच्या आतले पॉट आणि पट्ट्यांखालचे कॉन्टॅक्ट खराब होतात, फिरवलं की खरखर येती. प्लॅस्टिकचं कव्हर घट्ट घालून ठेवू नको, आत घाम धरतंय. सुती कापड टाक, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पावसाळ्यात आठवड्यातनं दोनदा तासभर चालू ठेव, मशीन आपल्याच उबेनं सुकतंय. आणि तुझ्या गल्लीत हे टेबलावर नको, माळ्यावर जागा कर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाला, इशारा पातळीला, गेलं की वर न्यायचं, 43 च्या धोका पातळीची वाट बघायची नाही. 2019 ला पाणी ओसरल्यावर माझ्याकडं टेबलभर कीबोर्ड आल्ते, पट्ट्या उपसल्या की आतनं गाळ निघत होता. सगळे घरातच होते, माळ्यावर न्यायला वेळ होता असं प्रत्येकजण सांगत होता.

एक गोष्ट विसरायची नाही. कोर्गच्या छोट्या सिंथचा ॲडॅप्टर 9 व्होल्टचा, आतली पिन प्लस. गिटारच्या पेडलचा ॲडॅप्टर पण 9 व्होल्टचाच, पण आतली पिन मायनस. भोकात बसतो म्हणून लावतात. मागच्या वर्षी एक पोरगं असंच नवंकोरं मशीन घेऊन आलं, शोच्या घाईत मित्राचा ॲडॅप्टर लावलेला. तीन दिवस बसलो त्यावर, वाचलं, पण दरवेळी वाचंलच असं नाही. आतला बोर्ड सगळा बारीक सरफेस माउंट पार्टचा असतो, जुन्या ॲम्पसारखं सोल्डरची इस्त्री टेकवली आणि काढलं असं होत नाही. ॲडॅप्टरवर पिनचं चित्र असतं, ते बघूनच लाव आणि त्यावर मार्करनं सिंथचं नाव लिहून ठेव.

जपानहून कुणी आणून देणार असेल तर तिथली लाईट 100 व्होल्ट, आपली 230. ॲडॅप्टरवर 100-240 लिहिलेलं नसेल तर सॉकेटात घालायचाच नाही.

कागल_ते_कोथरूड

मूळचा कागलचा, आता पुण्यात जाहिरातींचं संगीत करतो. माझ्याकडं दोन ॲनालॉग आहेत आणि तरी सांगतो की आज घेऊ नका.

दादांनी स्टेजचं सांगितलंच आहे. मी त्या 50 हजारांचं सांगतो. सिंथ आला की तो ऐकायचा कशावर? शॉर्टफिल्मला रेकॉर्ड कसा करणार? म्हणजे आवाज लॅपटॉपमध्ये घ्यायला ऑडिओ इंटरफेस आला, बरे हेडफोन आले, केबली आल्या. सगळे पैसे सिंथमध्ये घातले तर तो घरात एकटाच वाजत बसेल आणि फिल्मपर्यंत पोचणार नाही.

फरकाचं खरं सांगायचं तर मी स्वतः ट्राय केलंय. तीच चाल माझ्या सिंथवर आणि सॉफ्टवेअरवर वाजवली, लेव्हल सारखी केली आणि चार वादक मित्रांना न सांगता ऐकवली. तबला, बेस, आवाज सगळं घातल्यावर कुणालाही ओळखता आलं नाही. एकटा सूर ठेवून फिल्टर हळू उघडला तेव्हा दोघांनी बरोबर सांगितलं. म्हणजे फरक आहे, पण तो तुम्ही एकटे बसून ऐकता तेव्हा आहे. "उबदार आवाज" या शब्दावर पैसे घालू नका, हाताला सापडणाऱ्या नॉबवर घाला, कारण खरा फरक मला तिथं वाटतो. सॉफ्टवेअरमध्ये माउसनं एका वेळी एकच गोष्ट फिरते. सिंथवर डावा हात कटऑफवर, उजवा पट्ट्यांवर, आणि डोळे मिटलेले असले तरी चालतं.

तर आधी फुकट शिका. सर्ज एक्सटी नावाचा लॅपटॉपवरचा सॉफ्टवेअर सिंथ आहे, पूर्ण फुकट, ओपन सोर्स. तुमच्या एक्सपीएसला यूएसबी आहे, तो लॅपटॉपला जोडला की पट्ट्या तुमच्याच. सगळे तयार टोन बाजूला ठेवा, इनिट पॅच म्हणजे कोरा टोन घ्या, एक ऑसिलेटर (लहर तयार करणारा), एक फिल्टर, एक एन्व्हलप (सूर कसा उठतो आणि विरतो ते ठरवणारा), आणि त्यातनंच काहीतरी वाजण्यासारखं काढायचं. तीन आठवडे रोज अर्धा तास. दहाव्या दिवशी कंटाळा आला तर पत्रे बदला आणि विषय सोडून द्या. नाही आला तर घ्या, तेव्हा तुम्हाला काय हवंय ते नक्की माहीत असेल.

मिनिलॉगबद्दल, चांगलं मशीन आहे, 2016 चं, पण आवाज चारच, म्हणजे एका वेळी चारच सूर. चार बोटांची कॉर्ड धरून सोडली आणि तिची शेपूट अजून विरतेय तोवर दुसरी कॉर्ड दाबली की आधीचे सूर तुटतात. ऑर्केस्ट्रावाल्याला दोन्ही हात भरून वाजवायची सवय असते, त्याला हे पहिल्या दिवशी टोचतं. पट्ट्या 37 आणि बारीक. मागं आउटपुट मोनो. आणि नॉब फिरवला की स्क्रीनवर 0 ते 1023 आकडे दिसतात, म्हणजे सर्किट ॲनालॉग असलं तरी नॉबची जागा आकड्यात मोजली जाते, कारण त्याशिवाय टोन सेव्ह करता येत नाही. ही सोय पण आहेच. 1978 च्या प्रॉफेट-5 नं हेच पहिल्यांदा नीट जमवून दाखवलं, पाच आवाज आणि 40 टोन साठवायची जागा, त्याआधी मिनीमूग हा जुना सिंथ वाजवणारे कागदावर नॉबची चित्रं काढून ठेवायचे. मॉडेल डीला आजही मेमरी नाही, त्यामुळं आवडलेल्या टोनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा आणि पट्ट्याही वेगळ्या घ्यायच्या.

उद्यमनगर_सोल्डर

बाकी सगळं पटलं, मॉडेल डीबद्दल एक सांगतो. मेमरी नाही हे शिकणाऱ्याला चांगलंच आहे. रोज शून्यातनं टोन लावायचा, महिन्यात हात बसतो. आमच्याकडं लेथवर पोरगं शिकायला येतं त्याला आधी फाईलच मारायला देतात.

कागल_ते_कोथरूड

शिकायला हो दादा. पण त्यांना शॉर्टफिल्मचं काम आहे, दिग्दर्शकानं पंधरा दिवसांनी सांगितलं की तोच टोन जरा लांबव, तर फोटो बघून तोच टोन परत लागेल याची खात्री नाही. नॉब केसभर इकडं तिकडं झाला की दुसराच आवाज. म्हणून पहिल्या मशीनला मेमरी असावी या मताचा मी आहे.

शुक्रवारपेठ_कीज

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, ॲडॅप्टरचं वाचून अंगावर काटा आला, माझ्या पिशवीत तीन ॲडॅप्टर एकत्रच असतात, आजच नावं लिहिली.

लॅपटॉप भावाचा आहे, रात्री मिळतो, सर्ज टाकून बघतो. एक राहिलं विचारायचं. मित्राच्या मिनिलॉगवर मला मींड घेता येईना. एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरता येतं का नीट? हार्मोनियमवाले आणि आम्ही कीबोर्डवाले तिथंच अडतो, गायिका मागनं वळून बघते आणि आमच्याकडं पट्ट्यांशिवाय काही नसतं.

षड्ज_पंचम

हा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते. मी गाणं शिकवते, राजारामपुरीत, आणि गेली दोन वर्षं माझ्याकडं कोर्गचा मोनोलॉग आहे. भाचा परदेशी गेला तेव्हा माझ्याकडं ठेवून गेला, म्हणाला आत्या तुला आवडेल. पहिले दोन महिने मी कापड काढलंच नाही.

तुम्ही "मींड येईना" म्हणालात त्याचं कारण आधी सांगते. कोर्गच्या या मशीनमध्ये घसरण्याला वेगळा नॉब नाही, मेनूत जाऊन पोर्टामेंटोचा वेळ ठरवावा लागतो. मॉडेल डीला मात्र ग्लाइडचा नॉब समोरच आहे. पण नुसतं पोर्टामेंटो लावून मींड होत नाही हो. मशीन एका सुरावरनं दुसऱ्यावर ठरलेल्या वेळात सरकतं, दरवेळी सारखंच. आपली मींड निघताना रेंगाळते, मधल्या सुराला नुसता स्पर्श करते आणि पोचताना पुन्हा हळू होते. ते हातानंच करावं लागतं. मोनोलॉगला डाव्या बाजूला स्प्रिंगचा एक दांडा आहे, सोडला की आपोआप मध्ये येतो. त्याची रेंज मी दोन सुरांची ठेवलीय. दरबारीचा कोमल गंधार घ्यायचा तर मी रिषभाची पट्टी दाबते आणि दांड्यानं गंधारापर्यंत जाते, पूर्ण न पोचता परत येते, पुन्हा जाते. ते आंदोलन मशीनच्या एलएफओवर, म्हणजे सूर आपोआप हलवणाऱ्या भागावर, सोडून बघितलं होतं, घड्याळाच्या लंबकासारखं सारखं हलतं, त्यात दरबारी नाही.

हे जमायला मला चार महिने लागले. आणि हे एकसुरी मशीनवरच जमलं, कारण तिथं एका वेळी एकच सूर आहे, गळ्यासारखा. कॉर्ड धरायची सोयच नाही म्हटल्यावर हात सुराकडं वळतो. म्हणून माझं मत चार आवाजांच्या मशीनपेक्षा मोनोलॉगकडं जास्त आहे, तुम्ही एका सुरावर थांबलात हे लिहिलंय म्हणूनच सांगते.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मोनोलॉगमध्ये प्रत्येक सूर वर-खाली करून स्वतःची सप्तकं साठवता येतात. एफेक्स ट्विन नावाचे इंग्लंडचे संगीतकार आहेत, त्यांच्या सल्ल्यानं कंपनीनं ही सोय दिली असं भाच्यानं सांगितलं होतं, नंतर कंपनीच्या माहितीतही वाचलं. हार्मोनियमवरचा शुद्ध गंधार षड्जापासनं 400 सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे 100 सेंट), तंबोऱ्याच्या खर्जातनं आपोआप उमटणारा गंधार 386 वर. हे 14 सेंट ज्याला एकदा ऐकू आले त्याला पेटीचा गंधार कायम चढाच लागतो. मी मशीनमध्ये गंधार 14 नं उतरवला, पंचम 2 नं चढवला आणि तंबोरा लावून षड्ज, गंधार, पंचम एकेक वाजवला. गंधारावर बोट ठेवलं आणि तंबोऱ्यात तो मिसळून गेला, वेगळा ऐकूच येईना. त्या दिवशी मी शिकवणी अर्धा तास उशिरा सुरू केली.

आपल्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते, देवल क्लबात अजून गाणं होतं, तंबोऱ्याचा जव्हारीचा कारागीर मिरजेला, म्हणजे तासाभराच्या अंतरावर. इथला माणूस सिंथ घेणार असेल तर त्यानं सुराच्या बाजूनं घ्यावा असं मला फार वाटतं. धडाधड नाचाचे टोन तर तुमच्या एक्सपीएसमध्ये आहेतच.

त्रास पण सांगते. पट्ट्या 25 आणि त्याही ई पासनं ई पर्यंत, 'सा'पासनं सुरू होत नाहीत, त्यामुळं पहिले काही दिवस हात चुकतो. आणि पावसाळ्यात पहिल्या दहा मिनिटांत तंबोऱ्याशी जुळत नाही, दादा म्हणाले तसं गरम होऊ द्यावं लागतं. मी देवाजवळ दिवा लावायच्या आधी मशीन चालू करते, शिकवणीपर्यंत तयार असतं.

येऊन वाजवून बघा. संध्याकाळी सहाच्या आधी या.

कागल_ते_कोथरूड

ताई, हे 14 सेंटचं मी इतकी वर्षं या लाईनीत असून कधी हातानं करून बघितलं नव्हतं. आत्ता सर्जमध्ये ट्यूनिंग फाईल घालून बघितलं, त्यात पण होतं. शुक्रवार पेठवाले, तुम्ही तीन आठवड्यांत हे पण करा, फुकट आहे.

शुक्रवारपेठ_कीज

तीन आठवडे झाले, कळवायला आलो.

सर्ज रोज केला, मध्ये दोन दिवस हळदीच्या सुपाऱ्या होत्या तेवढे सोडून. कंटाळा आला नाही. उलट आठव्या दिवशी लक्षात आलं की मला चार आवाज लागतच नाहीत, मी एकच सूर घेऊन बसतोय आणि फिल्टरशी खेळतोय. माउसचा मात्र वैताग आला, एक हात कायम पट्ट्यांवरनं उचलावा लागतो. शॉर्टफिल्ममधल्या विहिरीच्या सीनला एक लांब सूर लावला, त्याला गंधार ताईंनी सांगितला तसा उतरवून जोडला, दिग्दर्शक म्हणाला हाच ठेव, बदलू नको. तो सर्जवरच केलाय.

रविवारी ताईंकडं जाऊन आलो. ताईंनी आधी चहा दिला, मग मशीन चालू करून 20 मिनिटं गाण्यावर बोलत बसल्या, तोवर हात लावू दिला नाही. मग दांड्यावर हात ठेवून रिषभावरनं गंधारापर्यंत जायला सांगितलं. पहिल्यांदा मी सरळ पोचलो. म्हणाल्या, पोचू नको, वाटेतनं परत ये. दहा-बारा वेळा झालं, मग एकदा आलं. ताई काही बोलल्या नाहीत, फक्त तंबोरा जरा मोठा केला.

मोनोलॉग ठरवला. सांगलीतला एकजण विकतोय, बिल आणि मूळचा ॲडॅप्टर आहे, माझ्या बजेटच्या निम्म्याच्या आसपास जमतंय. उरलेल्यातनं इंटरफेस आणि हेडफोन, आणि पत्र्यांचं काम बायकोच्या भावाच्या ओळखीनं कमी पैशात होतंय, ते या महिन्यातच उरकतोय कारण मशीन त्याच खोलीत ठेवायचंय. माळ्यावर फळी ठोकून घेतली.

दादा, घ्यायच्या आधी तुमच्याकडं आणून दाखवू का? विकणारा म्हणतोय दुकानात बसून बघा, मगच पैसे द्या.

उद्यमनगर_सोल्डर

आण. सोमवारी बंद असतंय, मंगळवारी अकरानंतर ये. विकणाऱ्याला घरी आधी चालू करून आणू नको म्हण, थंडच घेऊन यायला सांग. थंड असताना चालू करून सूर कुठं आहे आणि वीस मिनिटांनी कुठं जातोय ते मीटरवर बघू, त्यावरनं आतलं कळतंय. नॉब एकेक शेवटपर्यंत फिरवून बघायचे, कटऑफला खरखर आली तर पॉट गेलाय, तेवढे पैसे कमी करून घे. दांडा सोडला की बरोबर मध्ये येतोय का तेही बघायचं, मध्ये आल्यावर सूर काटेकोर जागेवर आला पाहिजे, एक-दोन सेंट राहिला तर ताईंच्या तंबोऱ्यासमोर कळंल.

येताना हेडफोन आण, माझ्याकडचा एका बाजूनं गेलाय.